हिवताप कशानं होतो, कसा पसरतो? बेळगाव सीमाभागातून येणारे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी या भागातल्या आरोग्य केंद्रांत रक्त तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. गावोगावी मला 'लॅबवाल्या बाई' म्हणत. निवृत्त झाल्यावरही मृग लागला की फोन सुरू होतात, आणि प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात. म्हणून ते एकदा नीट लिहून काढले. औषधांचं प्रमाण मुद्दाम दिलेलं नाही. ते वय, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

हिवताप आणि मलेरिया वेगवेगळे आहेत का?

एकच आजार. हिव म्हणजे थंडी. दोन वाकळा आणि वर घोंगडं टाकलं तरी दात वाजायचे थांबत नाहीत, मग अंग तव्यासारखं तापतं आणि शेवटी दरदरून घाम फुटून ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी माणूस उठून शेतावर जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच हुडहुडी. म्हणून जुनी माणसं याला 'पाळीचा ताप' म्हणायची. पण ही पाळी दिसेपर्यंत थांबू नका. पहिले काही दिवस ताप कसाही चढतो-उतरतो. लहान मुलांत तर थंडी वाजतेच असं नाही. नुसता ताप, उलट्या आणि मलूल पडलेलं मूल, एवढंच दिसतं.

मग होतो कशानं? पावसात भिजल्यानं? खराब हवेनं?

'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा'. दलदलीजवळ राहणाऱ्यांना ताप येतो, हे लोकांनी बरोबर हेरलं होतं. कारण तेवढं चुकलं. १८८० साली अल्जीरियात लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना तापकऱ्याच्या रक्तात हलणारे जंतू दिसले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना तोच जंतू डासाच्या पोटात सापडला, आणि तो सापडला आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत.

या जंतूचं नाव प्लास्मोडियम. माणसाला त्रास देणाऱ्या त्याच्या पाच जाती आहेत. आपल्याकडे मुख्यतः दोन आढळतात, व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. ॲनोफेलिस जातीच्या डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून तो आपल्या अंगात येतो. आधी लिव्हरमध्ये आठवडा-दोन आठवडे गुपचूप वाढतो, मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतो. तिथं वाढून पेशी फोडतो आणि नव्या पेशी धरतो. हजारो पेशी एकाच सुमाराला फुटतात तेव्हा थंडी भरते. व्हायवॅक्सचा आणि फॅल्सिपेरमचा हा फेरा ४८ तासांचा, म्हणून ती एक दिवसाआडची पाळी.

बोटाला टोचून काचपट्टीवर घेतलेला तो थेंब मी हजारो वेळा रंगवून भिंगाखाली धरला असेल. तांबड्या पेशीत एक निळसर बारीक कडं आणि त्यावर लाल ठिपका, जणू खड्याची अंगठी. फॅल्सिपेरम जुना झाला असेल तर विळ्याच्या पात्यासारखं वाकडं रूपही दिसतं. ते दिसलं की मला जास्त काळजी वाटायची. त्या विळ्यानं रुग्णाला थंडी वाजत नाही, पण डासाच्या पोटात जाऊन जगतो तो तोच. म्हणजे समोर बसलेल्या माणसाकडून आजार पुढच्या घरी जायची तयारी झालेली असते.

शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं लागतो का?

नाही. डासाशिवाय तो बाधित रक्त चढवल्यानं, एकाची सुई दुसऱ्याला वापरल्यानं किंवा क्वचित आईकडून बाळाला होऊ शकतो. तापकऱ्याला वेगळं ताट-तांब्या द्यायची गरज नाही. त्याला मच्छरदाणी मात्र द्या, म्हणजे त्याला चावून डास दुसऱ्याकडे जाणार नाही.

कुठलाही डास चावला तर होतो का?

नाही. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डेंगू आणि चिकनगुनिया पसरवतो. गटारातला क्युलेक्स रात्रभर गुणगुणतो, त्याच्याशी हत्तीरोग जोडलेला. हिवतापाचा ॲनोफेलिस संध्याकाळनंतर पहाटेपर्यंत चावतो. भिंतीवर बसला तर अंग तिरकं करून, शेपूट वर, डोकं खाली, खिळा तिरका ठोकल्यासारखा दिसतो. चावते ती फक्त मादी, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं म्हणून. एका वेळी ती पन्नास ते दोनशे अंडी घालते.

आमच्या गल्लीतलं गटार स्वच्छ आहे. मग आम्हाला कसा झाला?

हा प्रश्न बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात हमखास येतो, आणि गैरसमज इथंच सगळ्यात मोठा आहे. ॲनोफेलिसला गटार नको असतं. त्याला लागतं बऱ्यापैकी नितळ, संथ पाणी. आणि असं पाणी आपल्याकडे भरपूर आहे.

बेळगावात जुन्या वाड्यांतून विहिरी आहेत. नळाला पाणी आलं तशा कित्येक पडून राहिल्या. झाकण नाही, उपसा नाही. इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं वाऱ्यानं उडालेली. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून बॅरल, हौद भरून ठेवायचे, यात बायकांचा काही दोष नाही, पाणी साठवलं नाही तर घर कसं चालणार? पण शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस स्टीफेन्सी नेमका याच पाण्यात वाढतो.

खेड्यात दुसरी जात, क्युलिसिफेसीस. कालव्याच्या पाझराची डबकी, भाताच्या खाचरांचे कोपरे, पाऊस ओसरल्यावर ओढ्यात राहिलेले डोह, जनावरांना पाणी पाजायची डोण, म्हशी बसून झालेले खळगे, ही तिची ठिकाणं. खानापूर भागात वीट-कौलांसाठी माती काढलेले खड्डे पावसाळ्यात तुडुंब भरतात आणि दिवाळीपर्यंत तसेच राहतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या डोंगरी झऱ्यांत फ्लुव्हिएटिलिस नावाची तिसरी जात राहू शकते. ती सह्याद्रीच्या पायथ्याची जुनी रहिवासी.

स्वतः बघायचं असेल तर एक पांढरी वाटी किंवा ओगराळं घ्या. पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका, नाही तर अळ्या खाली बुडी मारतात. कडेनं हळूच वाटी बुडवून थोडं पाणी घ्या आणि जरा थांबा. गटारातल्या क्युलेक्सची अळी शेपूट वर करून उलटी लोंबकळते. ॲनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी पडते, काडीचा तुकडा तरंगावा तशी. एकदा ओळखली की विसरत नाही. एका गावात शाळेच्या मुलांना मी हे दाखवलं, तर आठवड्यात त्यांनी सगळ्या गावातले हौद शोधून काढले. आशाताईंचं निम्मं काम त्या मुलांनी केलं.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरम दिवसांत सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी, बॅरल, डोण रिकामी करून घासून कोरडी करायची. ज्या विहिरी-हौद रिकामे करता येत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडायचे. ते अळ्या खातात. आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतात.

हा आजार उष्ण देशांतच का?

जंतूला डासाच्या पोटात पिकायला ऊब लागते. हवा २५ अंशांच्या आसपास असेल तर फॅल्सिपेरम सुमारे बारा दिवसांत तयार होतो. २० अंशांवर त्यालाच जवळपास चार आठवडे लागतात, आणि १६ अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. आता डासाच्या मादीचं आयुष्य बघा. बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत मरतात. म्हणजे थंड प्रदेशात जंतू पिकायच्या आत डासच मरतो, आणि उष्ण-दमट हवेत जंतू लवकर पिकतो, शिवाय ओलाव्यामुळे डासही जास्त दिवस टिकतो. दोन्हीकडून आपलंच नुकसान.

आपल्याकडे आषाढात धो धो पाऊस असतो तेव्हा ओढ्यांतल्या अळ्या वाहून जातात. खरा धोका पाऊस मंदावल्यावर. गणपतीपासून दिवाळीपर्यंत डबकी शांत, हवा ओलसर, ऊन कोवळं. केंद्रात माझ्या टेबलावर काचपट्ट्यांचा ढीग याच दिवसांत साठायचा.

उष्णतेचंच कारण असेल तर श्रीमंत देशांतून तो गेला कसा?

कारण उष्णता एकटी पुरत नाही. इटली आणि अमेरिकेचा दक्षिण भाग, दोन्हीकडे हिवताप गावोगाव होता. अमेरिकेनं १९५१ पर्यंत तो संपवला, इटलीला १९७० साली मुक्त ठरवलं गेलं. हवा तीच राहिली, बदलली ती घरं, पाण्याचा निचरा, दवाखाने आणि लोकांच्या हातातला पैसा.

आता गरीब देशातला माणूस घ्या. घर कुडाचं किंवा मातीचं, छप्पर आणि भिंत यांच्यात वीतभर फट, खिडकीला जाळी नाही. पिकाला राखण म्हणून रात्री शेतात झोपावं लागतं. ताप आला तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून दवाखान्याला जायला चार दिवस उशीर. त्या चार दिवसांत किती डास त्याला चावून गेले ते मोजता येत नाही. मग दुकानातून सुट्ट्या गोळ्या, अर्धाच कोर्स. धरण होतं, कालवा निघतो, पण निचऱ्याच्या चरीला पैसे उरत नाहीत. जंगल तोडून वस्ती बसते, ऊन जमिनीवर येतं, खड्ड्यांत पाणी साठतं. शहरात टोलेजंग इमारत उठते तेव्हा तिच्या तळघरातलं पाणी आणि शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेले मजूर, दोघंही डासाला हाताशी. गरिबीमुळे हिवताप होतो आणि हिवतापामुळे गरिबी वाढते. ऐन रोप लावणीत घरातली दोन माणसं आडवी पडली तर त्या वर्षी त्या घराचं काय होतं, हे इथल्या भात पिकवणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

आफ्रिकेतच एवढी माणसं का मरतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२३ मध्ये जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथल्या मृतांत दर चारांपैकी तीन पाच वर्षांखालची मुलं. मी मुद्दाम दोनदा वाचून खात्री केली, कारण हा आकडा वाचून हात थांबतो.

पहिलं कारण तिथला डास. ॲनोफेलिस गॅम्बी आणि त्याचे भाऊबंद माणसाच्याच रक्तावर जगतात. आपल्या खेड्यांतला क्युलिसिफेसीस बऱ्याच वेळा गोठ्यातली जनावरंही चावतो, त्यामुळे त्याचा मारा विभागला जातो. दुसरं कारण, तिथं जवळपास सगळा फॅल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचणारा प्रकार. तिसरं, वर्षभर उबदार हवा. आणि चौथं, दवाखाना दूर. मूल सकाळी तापलं आणि दुसऱ्या रात्री झटके येऊन गेलं, असं घडायला तेवढा वेळ पुरतो.

यात आपल्याकडूनही एक भर पडली आहे. टाक्या-विहिरींत वाढणारा तो स्टीफेन्सी मूळचा दक्षिण आशिया आणि अरबस्तानचा. २०१२ साली तो आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर. आफ्रिकेतला हिवताप तोवर मुख्यतः खेड्यांचा होता. आता तो शहरांच्या पाण्याच्या टाक्यांत शिरतो आहे.

आपल्या भागात पूर्वी होता का? आजोबा 'मलेरियावाले' यायचे म्हणून सांगतात.

होता, आणि घाटाकडच्या गावांत फार होता. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, कारवारच्या मलनाडात, म्हणजे डोंगराळ पट्ट्यात, तापामुळे माणसं गावं सोडून गेल्याच्या आठवणी घराघरांत आहेत. मुलांची पोटं पुढे आलेली असायची, कारण वारंवारच्या तापानं पाणथरी सुजलेली. त्या काळी डॉक्टर गावात किती हिवताप आहे हे मुलांच्या पोटाला हात लावूनच ठरवत.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख दगावायचे, असा अंदाज होता. तेव्हा बेळगाव, धारवाड, कारवार सगळं मुंबई प्रांतात. याच प्रांतात, आपल्या शेजारच्या धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत, १९४६ साली डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायला सुरुवात झाली. भारतातल्या खेड्यांत मोठ्या प्रमाणावर झालेल्या या पहिल्या फवारण्यांपैकी एक. तिथला अनुभव पुढे देशाच्या कामाला आला. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम, १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम. घरोघर जाऊन 'कुणाला ताप आहे का' विचारायचं, रक्त घ्यायचं, आणि दाराजवळच्या भिंतीवर तारीख लिहून जायचं. तुमच्या आजोबांचे मलेरियावाले ते हेच. अजूनही एखाद्या पडक्या घराच्या चौकटीपाशी त्या पुसट तारखा दिसतात. दिसल्या की मी थांबून वाचते.

१९६५ पर्यंत देशातले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले.

मग संपला का नाही?

कारण कमी झाल्यावर लक्ष उडालं. पैसा कमी पडला, फवारणी वेळेवर होईना, डासांना डीडीटी पचायला लागला, आणि आसामात १९७३ मध्ये क्लोरोक्विन या हिवतापाच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारा फॅल्सिपेरम सापडला. १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले. श्रीलंकेचं उदाहरण तर चटका लावणारं. १९६३ मध्ये अख्ख्या देशात फक्त १७ रुग्ण होते. फवारणी थांबवली, आणि पाच-सहा वर्षांत रुग्ण लाखांत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काम केलं, आणि २०१६ साली श्रीलंका हिवतापमुक्त जाहीर झाली.

आपल्याकडे सरकारी नोंदींप्रमाणे २०१५ मध्ये ११ लाख ६९ हजार रुग्ण होते, २०२३ मध्ये २ लाख २७ हजार. मृत्यू ३८४ वरून ८३. चांगली घट आहे. २०३० पर्यंत देशातून हिवताप संपवायचं उद्दिष्ट आहे. म्हणजे आज आपण १९६० च्या दशकातल्या त्याच वळणावर उभे आहोत. रुग्ण कमी आहेत म्हणून गावातली घरभेट बंद झाली, तर पुढं काय होतं ते आपण बघितलं आहे.

गावात कुणालाच नव्हता, मग आमच्या गल्लीत आला कुठून?

माणसाबरोबर. डास एक-दोन किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. माणूस मात्र रात्रीच्या बसनं गोव्याहून येतो.

सीमाभागातल्या घरांना हे नीट कळायला हवं. आपली पोरं गोव्यात बांधकामावर, मंगळूरला हॉटेलात, मुंबई-पुण्याला गाडीवर. मंगळूर हे तर बरीच वर्षं कर्नाटकातल्या हिवतापाचं मुख्य ठाणं होतं, तेही बांधकामांच्या जागी साठणाऱ्या पाण्यामुळे. उसाच्या हंगामात तोडणीच्या टोळ्या बाहेरून आपल्याकडे चिकोडी-रायबागला येतात. यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. पोटासाठी फिरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी डास चावतो.

खानापूर तालुक्यातल्या एका वाडीत घडलेलं सांगते. एक तरुण गोव्याहून गणपतीला घरी आला. दुसऱ्याच दिवशी ताप. कुणीतरी इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं नाही. आरतीला रोज सगळी गल्ली त्याच्या अंगणात. तो बरा होऊन परत गेला. दसऱ्याच्या सुमाराला शेजारच्या दोन घरांत तिघांना थंडीताप, आणि तिघंही गावाबाहेर गेलेले नव्हते. हिशेब जुळतो. बारा दिवस डासाच्या पोटात, बारा दिवस माणसाच्या अंगात. त्याच्या बोटाचा एक थेंब वेळेवर काचेवर आला असता तर ती तिघं आजारी पडली नसती. म्हणून बाहेरून आल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी अमुक ठिकाणाहून आलो आहे. गोव्यात बांधकाम मजुरांचं रक्त तपासून हेल्थ कार्ड देतात. ते काढायचा कंटाळा करू नका.

"ताप उतरलाय न्हवं, मग चौदा दिवस गोळ्या कशाला?"

व्हायवॅक्सचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात. क्लोरोक्विननं रक्तातले मरतात आणि तीन दिवसांत ताप जातो. झोपलेल्यांना मारते ती प्रायमाक्विन, आणि तिला चौदा दिवस लागतात. माझ्या निपाणीच्या मावसभावानं चौथ्या दिवशी गोळ्या सोडल्या, 'उष्ण पडतात' म्हणून. गणपतीत आलेला ताप संक्रांतीला परत आला. डास नव्हे, त्याच्याच लिव्हरमधला जुना जंतू. मी त्याला रागावले, पण नंतर वाटलं, का घ्यायच्या ते त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

गोळ्या जेवणानंतर घ्या, पोटात ढवळत नाही. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना प्रायमाक्विन देत नाहीत. काही लोकांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं, त्यांना ती बाधते. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फॅल्सिपेरमचा उपचार वेगळा असतो. म्हणून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत.

किराईताचा काढा चालत नाही का?

कडू काढ्यावर आपल्या लोकांचा विश्वास आहे आणि मी तो तोडायला बसलेली नाही. हिवतापावरची दोन मोठी औषधं झाडांतूनच आली, क्विनाईन सिंकोनाच्या सालीतून आणि आर्टेमिसिनिन एका चिनी वनस्पतीतून. त्या कामासाठी तू यूयू या बाईंना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पण त्यांनी नेमकं द्रव्य वेगळं काढलं, मोजलं, तपासलं. किराईतानं रक्तातला जंतू जातो असा भरवसा नाही. काढा घ्यायचा तर घ्या, आधी रक्त तपासा.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी ताप आहे. आता?

पुन्हा तपासा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सुरुवातीला जंतू थोडे असतात, एका थेंबात सापडतीलच असं नाही. काचपट्टी निगेटिव्ह म्हणायच्या आधी आम्ही निदान शंभर ठिकाणी नजर फिरवतो. आता पंधरा-वीस मिनिटांत सांगणारी पट्टीची तपासणीही असते. पूर्वी ती नव्हती. एका केंद्रात गाडी बंद पडल्यामुळे वाडीवरून घेतलेल्या काचपट्ट्या माझ्यापर्यंत आठवड्यानं आल्या. त्यातल्या एका मुलीच्या रक्तात फॅल्सिपेरम होता. मी सायकलवर माणूस पाठवला. मुलगी वाचली, पण ती रात्र मी विसरलेली नाही.

डेंगू, टायफॉइड, लेप्टो यांचेही ताप याच दिवसांत येतात. दोडामार्ग, सत्तरी किंवा खानापूरच्या जंगलात काजूच्या बागेत काम करून आलात आणि ताप आला, तर माकडतापाचंही नाव काढा. तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा.

कधी क्षणभरही थांबायचं नाही?

झटके, बडबड, झोपेतून न उठणं, दम लागणं, कावीळ, लघवी काळी किंवा बंद, सतत उलट्या. १०८ ला फोन करा. गरोदर बाईला नुसता ताप असला तरी त्याच दिवशी न्या. हिवतापात तिचं रक्त झपाट्यानं कमी होतं आणि बाळाचं वजन घटतं.

धुराची गाडी येते, तिचा उपयोग होतो का?

धूर उडते डास मारतो, तोही थोडा वेळ. अळ्यांना काही होत नाही. घराच्या आतल्या भिंतींवरची फवारणी जास्त कामाची, कारण डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो. फवारणी झाल्यावर लगेच भिंत सारवू नका, चुना लावू नका, औषध झाकलं जातं. देवघर आणि स्वयंपाकघर फवारू देत नाहीत, मला माहीत आहे. भांडी झाकून निदान झोपायच्या खोल्या तरी पूर्ण फवारू द्या. आणि रोजच्यासाठी औषध लावलेली मच्छरदाणी, गादीखाली नीट खोचून.

लस आहे ना आता?

आहे, आणि त्यातली आर-२१ ही आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. तिच्या आधीच्या आरटीएस-एस लशीला २०२१ मध्ये आणि हिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस दिली. आफ्रिकेतल्या लहान मुलांना ती देतात. आपल्या लसीकरणात ती नाही.

केंद्रातले फलक कानडीत असतात, आईला वाचता येत नाहीत. काय करावं?

पाच शब्द शिकवून ठेवा. सोळ्ळे म्हणजे डास, ज्वर म्हणजे ताप, चळी म्हणजे थंडी, रक्त परीक्षे म्हणजे रक्ताची तपासणी, मात्रे म्हणजे गोळी. घरी कुणी 'लार्वा समीक्षे'साठी आलं असं म्हणालं तर ते अळ्या बघायला आले आहेत, त्यांना मागचा हौद दाखवा. आशाताई बहुधा गावातलीच असते, तिच्याशी मराठीत बोला. आजार सांगताना भाषेचा संकोच करू नका. 'चळी ज्वर' एवढं म्हणून बोट पुढं केलं तरी कानडी सिस्टर लगेच रक्त घेते, मी अनेकदा पाहिलं आहे.

घरात एकाला निघाला, बाकीच्यांनी काय करायचं?

आरोग्य केंद्राला लगेच कळवा, खाजगीत तपासलं असलं तरी. ते येऊन घरातल्यांचं आणि आजूबाजूच्या घरांचं रक्त घेतील. ताप नसला तरी नको म्हणू नका, काहींच्या रक्तात जंतू असून ताप येत नाही. तोवर गच्चीवर चढून टाकीचं झाकण बघा, परसातल्या विहिरीत वाटी बुडवून बघा. आडव्या तरंगणाऱ्या काड्या दिसल्या तर आजच गप्पी मासे आणा.